‘एर’ म्हणजे काय?

शिक्षक व्हायला काय लागतं, असं मला गेल्या वर्षी कुणी विचारलं असतं, तर मी पदवी, बी.एड. आणि पात्रता परीक्षा अशी यादी दिली असती. यंदा भोपाळच्या अयोध्या नगरमध्ये, माझ्याच वस्तीतल्या एका प्राथमिक शाळेत सराव पाठ घ्यायला गेले, आणि यादीत काय राहिलं होतं ते कळलं.

आमच्याकडे बायपासच्या बाजूला सतत नवी बांधकामं चालतात. लांबून मजूर येतात, त्यांची मुलं जवळच्या शाळेत बसतात. पहिलीच्या वर्गात बैतूलकडची एक मुलगी होती, येऊन चारच दिवस झालेली. मी फळ्यावर अक्षरं काढत होते. ती उठून म्हणाली, “एर.” मला वाटलं, अक्षरं जुळवून वाचतेय! मी “शाबास” म्हणून तिच्याकडून पाटीवर ‘ए’ आणि ‘र’ गिरवून घेतले. ती पुन्हा तेच म्हणाली, मी पुन्हा शाबासकी दिली. शेवटी ती रडायलाच लागली. तेव्हा मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या काकू दारातून म्हणाल्या, “मैडम, बच्ची पानी माँग रही है.”

गोंडीत ‘एर’ म्हणजे पाणी. त्या मुलीचं बोलणं समजणारं शाळेत एकच माणूस होतं, आणि ते शिक्षक नव्हतं.

मला माझी पहिली आठवली. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि कचेरीबरोबर माझे आजोबाही आले. घरात मराठीच. शाळेत एकदा सर म्हणाले, “शिक्षा सबको मिलनी चाहिए.” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण; माझ्या कानांना मात्र छडीच ऐकू आली. मी बाकाखाली! शेजारच्या वर्गावरच्या बाई मराठी होत्या. त्यांनी मला समजावलं, आणि मग सरांनाही. त्यानंतर सर माझ्याशी बोलताना ‘पढ़ाई’ म्हणायचे. माझ्या वाट्याला त्या बाई होत्या. या मुलीच्या वाट्याला मी आले.

हा प्रश्न जुना आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, हे त्यांनी नोंदवलं, आणि शक्य तितके शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशी मागणी केली. असे शिक्षक लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. पण ते तिथेच थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि त्यांना दरमहा निदान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार हवा, असंही त्यांनी सांगितलं. प्रशिक्षण आणि पगार यांच्याशिवाय दार उघडलं तरी आत येणार कोण?

यावर कुणी म्हणेल, चांगला शिक्षक कुणालाही शिकवू शकतो. खरं आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये सातासमुद्रापलीकडून मुंबईला आल्या. पुढे अहमदनगरची त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली. म्हणून प्रत्येक मुलाला आपल्याच जातीचा, आपल्याच बोलीचा शिक्षक मिळावा, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं इतकंच, की शिक्षकांच्या खोलीत वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं असली, तर ती एकमेकांनाही शिकवतात. आमच्या बाईंनी सरांना शिकवलं, तसं.

२०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात आदिवासी सुमारे २१ टक्के आहेत. देशात गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ग्रामीण विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, बी.एड.साठी शिष्यवृत्ती आणि आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य सुचवलं आहे. फुल्यांच्या मागणीच्या जवळ जाणारीच ही गोष्ट. ती कागदावरून वर्गात येईपर्यंत आपणही काही करू शकतो. मी त्या काकूंकडून रोज पाच गोंडी शब्द लिहून घेते. काकू आठवी शिकल्यात. परवा हसून म्हणाल्या, “हम भी मैडम बन गए!”

मला हसू आलं नाही. त्यांना खरंच मॅडम व्हायचं असतं, तर आठवीनंतर वाट कुठे अडली?

विचारासाठी प्रश्न
१. तुमच्या शाळेत शिक्षक कोणत्या घरांतून, कोणत्या बोलीतून आले होते? कोण नव्हतं?
२. प्रशिक्षण आणि पगार यांचा आग्रह फुल्यांनी त्याच निवेदनात का धरला असावा?
३. तुमच्या बोलीतला एखादा शब्द वर्गात चुकीचा समजला गेला होता का? तो प्रसंग दहा ओळींत लिहा.