कान, डोळे आणि इंग्रजीचे गुण

वार्षिक तोंडी परीक्षेचा दिवस. एक विद्यार्थी पुढें येतो, इंग्रजी पुस्तकांतील धडा उघडतो आणि कोठेंही न अडखळतां अर्धें पान वाचून दाखवितो. परीक्षक संतुष्ट होतात. मग ते पुस्तक मिटावयास सांगून त्याच धड्याविषयीं एक साधा प्रश्न इंग्रजींत विचारितात. विद्यार्थी खालीं पाहतो. प्रश्न त्यास ऐकूं आला, पण कळला नाहीं. तोच प्रश्न मराठींत विचारिला, तरी उत्तर येत नाहीं. कारण जें त्यानें वाचिलें, तेंही त्यास कळलें नव्हतें. असें असूनही गुणपत्रकांत त्याच्या नांवापुढें वीसपैकीं अठरा गुण पडतात. हा प्रसंग आम्हीं अनेक वेळां पाहिला आहे, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर ते अठरा गुण कित्येकदां आम्हींच दिलेले आहेत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचें इंग्रजी श्रवण व इंग्रजी वाचन हीं कशीं पारखावीं, आणि ती पारख चुकली असतां नुकसान कोणाचें होतें, एवढाच विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

इंग्रजी किती व कशासाठीं, हा वाद आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. वर्धा येथें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तीनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें जी सात वर्षांची योजना आंखली, तींत शिक्षणाचें माध्यम मातृभाषा होतें व इंग्रजीस स्थान नव्हतें. पुढें काळ पालटला. १९६९ सालीं सेवाग्राम येथेंच वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्या विद्येचीं पुस्तकें इंग्रजींत असतात. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविण्यास आरंभ झाला. म्हणजे आज दहावीस बसणारा आर्वीचा विद्यार्थी दहा वर्षें इंग्रजी शिकलेला असतो. इतक्या वर्षांत आपणांस नेमकें काय आलें, हें जाणून घेण्याचा त्याचा हक्क आहे. आणि तें त्यास खरें सांगणें हें परीक्षेचें काम आहे.

प्रथम वाचनाचा विचार करूं. पुढील वाक्य पाहावें: 'झिंपट टोपळ्यानें बाडगें फुरकाविलें.' या वाक्यास कांहींही अर्थ नाहीं. तें आम्हीं येथें मुद्दाम रचिलें आहे. आतां प्रश्न असा: बाडगें कोणीं फुरकाविलें? वाचक तत्काळ उत्तर देईल, 'झिंपट टोपळ्यानें.' टोपळ्यानें काय केलें? 'बाडगें फुरकाविलें.' दोन्ही उत्तरें बरोबर, दोन्हींस पूर्ण गुण. आणि अर्थाचा मात्र कणही नाहीं. आमच्या इंग्रजीच्या परीक्षेंतील पुष्कळसे प्रश्न याच जातीचे असतात. उताऱ्यांतील ओळ ओळखून ती जशीच्या तशी उत्तरपत्रिकेंत उतरविली कीं काम भागतें. ही नक्कल होय. तीस वाचन म्हणतां येणार नाहीं. त्याचप्रमाणें मोठ्यानें वाचून दाखविणें हेंही समजून वाचणें नव्हे. अक्षरांचे ध्वनि करणें ही एक कला आहे व त्या ध्वनींमागील अर्थ धरणें ही दुसरी. २०२३ सालीं 'असर' या नांवाच्या पाहणींत २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागाच्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांस सोपीं इंग्रजी वाक्यें वाचावयास दिलीं होतीं. निम्म्याहून थोड्या अधिक मुलांस तीं वाचतां आलीं. परंतु ज्यांस वाचतां आलीं, त्यांपैकींही सुमारें एक चतुर्थांश मुलांस त्यांचा अर्थ सांगतां आला नाहीं.

म्हणून वाचनाची खरी पारख करावयाची असेल, तर उतारा न शिकविलेला असावा, तो मनांतल्या मनांत वाचूं द्यावा, वेळ ठरवून द्यावा, आणि प्रश्न असे असावे कीं त्यांचें उत्तर एका ओळींत तयार मिळूं नये. 'शेतकऱ्यानें कापूस केव्हां विकला?' यापेक्षां 'त्यानें घाई केली असें तुम्हांस कां वाटतें?' हा प्रश्न अधिक सांगून जातो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं उत्तर मराठींत देण्याची मोकळीक असावी. विद्यार्थ्यास इंग्रजी समजतें कीं नाहीं हें पाहावयाचें असतां, त्यास इंग्रजी लिहितां येतें कीं नाहीं याची शिक्षा कां द्यावी? तीं दोन मापें निरनिराळीं आहेत. याच वेळीं तितक्याच अवघड असा एक मराठी उताराही देऊन पाहावा. तोही विद्यार्थ्यास उमगला नाहीं, तर उणीव इंग्रजीची नसून वाचनाचीच आहे, असें समजून उपाय योजावा.

आतां कानाकडे वळूं. मराठी मुलाच्या कानापुढें दोन अडचणी असतात. आपली देवनागरी लिपि बहुतांशीं जसें लिहावें तसें वाचावें अशी आहे. इंग्रजीचें तसें नाहीं. ज्यानें इंग्रजी शब्द केवळ डोळ्यांनीं शिकलेले आहेत, तो 'कपबोर्ड' व 'वेडनेसडे' हे शब्द मनांत घेऊन बसतो; कानावर 'कबर्ड' व 'वेन्झडे' पडतें, तेव्हां हे आपल्या ओळखीचेच शब्द होत हें त्यास उमगत नाहीं. फार काय, 'ऐकणें' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासच तो 'लिस्टेन' म्हणतो, आणि 'लिसन' ही आज्ञा ऐकून स्वस्थ बसतो! दुसरी अडचण आघाताची. मराठींत आपण वाक्यांतील अक्षरें साधारणपणें सारख्या वजनानें उच्चारितों. इंग्रजींत एका अक्षरावर जोर पडतो व शेजारचीं गिळलीं जातात. 'फोटोग्राफ' म्हणतांना जोर आरंभीं असतो; तेथून 'फटॉग्रफर' झाला कीं तो दुसऱ्या अक्षरावर जातो, आणि नवख्या कानास हे दोन शब्द एकाच कुळांतले वाटत नाहींत. शिवाय वाचणारा मागें वळून ओळ पुन्हां पाहूं शकतो. ऐकणाऱ्यास ती सवलत नाहीं. म्हणून एकाच मुलाचे डोळे पुढें व कान मागें, किंवा कान पुढें व डोळे मागें, असें होऊं शकतें.

कानापासून आरंभ करावा कीं डोळ्यांपासून, याविषयीं जाणत्यांतही दोन मतें होतीं. बंगालमध्यें डाक्का येथें काम करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं हिंदी विद्यार्थ्यास सर्वांत अधिक उपयोग वाचनाचा आहे, सबब वाचन आधीं शिकवावें. १९२२ सालीं जपानांत गेलेले हॅरल्ड पामर हे मात्र श्रवण व भाषण यांवर पाया घालणारे होते. आमच्या शाळांनीं प्रत्यक्षांत वेस्ट यांचा मार्ग धरिला, पण तोही अर्धवट. कारण त्यांस अभिप्रेत असलेलें वाचन समजून करावयाचें होतें, व आम्हीं मोठ्यानें म्हणण्यावरच समाधान मानिलें.

या बाबतींत चीन देशाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. तेथील विद्यार्थीही इंग्रजी बव्हंशीं डोळ्यांनींच शिकत आला. व्याकरण पाठ, शब्द पाठ, पण ऐकूं गेलें तर कळत नाहीं व बोलूं गेलें तर तोंड उघडत नाहीं. अशा विद्येस त्या लोकांनींच 'मुकी इंग्रजी' असें नांव ठेविलें. तेथें उच्च माध्यमिक शिक्षणाच्या शेवटीं 'गाओकाओ' नांवाची प्रवेशपरीक्षा होते. तीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेंत इंग्रजीस १५० गुण असून त्यांतील ३० श्रवणाचे आहेत. परीक्षार्थींस मुद्रित आवाज ऐकवितात. आरंभींचे लहान संवाद एकदांच, पुढील लांब संवाद दोनदां. कांहीं प्रांतांत ही व्यवस्था थोडी निराळी आहे. परंतु मुख्य गोष्ट ही कीं आवाज सर्वांस एकच असतो आणि प्रश्न सर्वांस एकच असतात. त्या परीक्षेचा ताण फार मोठा आहे, व तो आपण उसना घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण कानास स्वतंत्र माप आहे, आणि तें माप गुरुजींच्या दयेवर अवलंबून नाहीं, हें घेण्यासारखें आहे.

आमच्याकडे काय आहे? महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेंत भाषाविषयांस ८० गुण लेखी व २० गुण शाळेनें द्यावयाचे, अशी पद्धत होती. २०१८-१९ सालीं हे २० गुण काढून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यांत आली. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. तो २०१९ मध्यें ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षीं २० गुण परत आले व निकाल ९५.३० टक्के झाला. या चढउतारास निव्वळ तोंडी गुणच कारण होते असें म्हणतां येणार नाहीं. २०१८-१९ सालीं अभ्यासक्रम नवा होता, आणि २०२० सालीं महामारीमुळें भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें दिले गेले. तथापि त्या वीस गुणांवर किती जणांचें भवितव्य टांगलेलें असतें, हें त्या वर्षीं सर्वांस दिसलें. गुण काढून घेणें हा उपाय नव्हे, कारण मग कान कोणी तपासणारच नाहीं. आणि सरसकट वाटणें हाही उपाय नव्हे, कारण मग तपासल्यासारखें दिसतें व तपासलेलें नसतें.

आर्वीसारख्या गांवीं श्रवणपरीक्षा कशी घ्यावी, असें कोणी विचारील. त्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाहीं. साधा मोबाइल व एक ध्वनिवर्धक पुरे. उतारा दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनीं, स्वाभाविक गतीनें, वाक्य न तोडतां वाचून मुद्रित करावा. कारण आपल्याच गुरुजींच्या सावकाश आवाजास मुलांचे कान सरावलेले असतात. विषय मुलांच्या ओळखीचा असावा. लंडनमधील भुयारी गाडीविषयीं प्रश्न विचारला, तर लंडनची माहिती तपासली जाते, कान तपासला जात नाहीं. त्याऐवजीं बसस्थानकावरील एक सूचना घ्यावी: पुलगांवची बस आज सातऐवजीं साडेसातला सुटेल, व ज्यांच्याजवळ जड सामान आहे त्यांनीं तें आधीं वाहकास दाखवावें. हें इंग्रजींत दोन वेळां ऐकवावें. प्रश्न ऐकण्यापूर्वींच हातीं द्यावे, व उत्तरें मराठींत किंवा खूण करून घ्यावीं. बस किती वाजतां सुटेल? येथें 'सात' व 'साडेसात' हे दोन्ही आंकडे प्रत्येक मुलाच्या कानीं पडतात. खरा कोणता, हें 'ऐवजीं' या अर्थाच्या लहानशा शब्दावर ठरतें. जो तो शब्द पकडतो, त्यासच ऐकतां आलें असें समजावें. दुसऱ्या प्रसंगीं गांवाचा साधा नकाशा देऊन बाजार समितीपर्यंतची वाट इंग्रजींत सांगावी व ती पेन्सिलीनें काढावयास लावावी. ज्याची रेघ योग्य ठिकाणीं पोंचली, त्याचा कान पोंचला.

अशा दोन परीक्षा घेतल्या म्हणजे वर्गाचे चार भाग आपोआप दिसूं लागतात. ज्यांचे कान व डोळे दोन्ही चांगले, त्यांस पुढचीं पुस्तकें द्यावीं. ज्यांचे डोळे चांगले पण कान मंद, त्यांस ओळखीचाच धडा पुस्तकांत पाहत ऐकवावा व मग पुस्तक मिटून ऐकवावा. रोजचीं दहा मिनिटें पुरेत. ज्यांचे कान चांगले पण डोळे मंद, तीं मुलें चित्रपट किंवा क्रिकेटचें धावतें वर्णन ऐकून कांहीं शिकलेलीं असतात. त्यांच्या तोंडचींच वाक्यें फळ्यावर लिहून वाचावयास लावावीं. आणि ज्यांचें दोन्ही मंद, त्यांस आठवीचा धडा रेटण्यांत अर्थ नाहीं. पांचवीच्या पुस्तकापासून, न लाजवितां, आरंभ करावा. चौघांसही एकच 'नापास' हा शब्द लावणें म्हणजे चार रोगांस एकच काढा देणें होय.

आतां आरंभींच्या विद्यार्थ्याकडे परत येऊं. त्याचे अठरा गुण घेऊन तो उत्तीर्ण झाला. जून-जुलैंत तो वर्ध्यास किंवा नागपुरास विज्ञानशाखेंत गेला. तेथें पहिल्याच तासास अध्यापक इंग्रजींत बोलूं लागले, शेजारचीं मुलें लिहूं लागलीं, आणि हा वहीकडे पाहत राहिला. आपण बुद्धीनें कमी आहों असें त्यास त्या दिवशीं वाटलें असेल. तें खरें नव्हतें. त्याचा कान कधीं तपासलाच गेला नव्हता, आणि ज्यांनीं तो तपासावयाचा, त्यांनीं मायेनें गुण देऊन ती गोष्ट त्याच्यापासून लपविली होती. हें ऋण आमच्याकडे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही हातीं कांहीं आहे. आज घरीं गेल्यावर इंग्रजीच्या पुस्तकांतील न शिकविलेलें एक पान मनांत वाचा, पुस्तक मिटा, आणि काय वाचलें तें आईस मराठींत सांगा. मग तेंच पान मोठ्या भावाकडून वाचून घ्या व डोळे मिटून ऐका. आईस जितकें सांगतां आलें, तितकें तुमचें वाचन. डोळे मिटून जितकें कळलें, तितकें तुमचें श्रवण. तो आंकडा लहान निघाला तरी खचूं नका. तो खरा आहे, आणि पुढचें पाऊल खऱ्या आंकड्यावरूनच टाकतां येतें.