पेटी वेगळी, हिशोब वेगळा

शास्त्रपाठ : 2 राजे 12:4-16



मंदिराच्या डागडुजीसाठी योआश राजाने याजकांना पैसा गोळा करायला सांगितले. पण त्याच्या कारकिर्दीच्या 23व्या वर्षापर्यंत भेगा तशाच होत्या. याजकांनी पैसा खाल्ला, असे शास्त्र म्हणत नाही. माझ्या मते अडचण साधी होती : रोजचा खर्च आणि बांधकाम एकाच हातातून चालले होते. मग यहोयादाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीच्या उजवीकडे ठेवली. पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, असे दोघे. रक्कम थेट सुतार, गवंडी, पाथरवट यांची देखरेख करणाऱ्यांच्या हाती. चांदीची पात्रे त्यातून केली नाहीत. ती काम संपल्यावर उरलेल्या पैशातून झाली, असे 2 इतिहास 24 सांगते.

16व्या वचनावरून आपण घाईने पुढे जातो. याजकांचा वाटा या पेटीत गेला नाही, तो त्यांचाच राहिला. बांधकाम निधी सुरू झाला की पुष्कळदा रविवारचे अर्पण आटते आणि पाड्यावर काम करणाऱ्या सेवकाचे मानधन थकते. भिंत उभी राहते आणि मुलांना शिकवणारा निघून जातो!

मीरा-भाईंदरमध्ये कित्येक मंडळ्या भाड्याच्या गाळ्यात नाहीतर शाळेच्या सभागृहात भजतात. घराचा हप्ता, शाळेची फी, लोकलचा पास भरून उरते त्यातून लोक देतात. "आपल्यालाच छप्पर नाही, मग पालघरच्या वसतिगृहाला का द्यायचे?" असे कोणी विचारले, तर त्याला अविश्वासू ठरवू नका. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दारिद्र्यातून दिले (2 करिंथ 8), पण तेही आपखुशीने. म्हणून व्यासपीठावरून नावे आणि आकडे वाचणे मला पटत नाही.

त्यापेक्षा मुदतीचे वचन बरे. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. मदतीचे वचन 10 वर्षांचे होते. त्या आधारावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. देणाऱ्याला शेवट ठाऊक होता, घेणारीलाही. आपल्याकडे महिना 200 रुपये, 36 महिने, असे वचन घरकाम करणारी बहीणही पाळू शकते. पावती मात्र प्रत्येकाला द्या. 2,000 रुपयांहून जास्त देणगी रोख दिली तर आयकरात सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगा.

आणि जमीन? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. पाड्यावरच्या कोणी प्रेमाने "इथे बांधा" म्हटले, म्हणून पाया खणू नये. ज्यांच्यासाठी वसतिगृह, त्यांचीच जमीन वादात अडकेल. वचनपत्रे वाटण्यापूर्वी समितीने सातबारा आणि मंजुरीचा कागद मंडळीसमोर ठेवावा, आणि विचारणाऱ्याला तो हातात घेऊन वाचू द्यावा.