आतल्या भिंतीचं वजन

एनर्जीप्लस या ऊर्जा-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल करताना बाहेरच्या भिंतीकडे आम्ही सगळेच बारकाईनं बघतो: ऊन, काच, छज्जा, यू-व्हॅल्यू. आतल्या भिंती राहून जातात, कारण त्यांना ऊन लागत नाही. पण इमारतीतली उष्णता आणि गारवा धरून ठेवायचं मोठं काम त्याच करतात.

१. भिंत वाजवून बघा. पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीत रात्री खिडक्या उघड्या ठेवून गारवा आत घ्यावा, असं आम्ही सुचवलं होतं. ड्रॉइंगमध्ये आतल्या भिंती विटांच्या, ११५ मिलिमीटर, दोन्हीकडे प्लास्टर. मॉडेलमध्ये त्या रात्रीतून गार व्हायच्या आणि सकाळी एसीवरचा भार चांगलाच उतरायचा. साइटवर गेलो, बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर आवाज पोकळ. मधल्या काळात तिथं जिप्सम बोर्डाची पार्टिशनं झाली होती. विटेची एक चौरस मीटर भिंत एक अंशानं तापवायला साधारण २०० किलोज्यूल लागतात. साडेबारा मिलिमीटरचे दोन बोर्ड २०च्या आसपासच थांबतात. आमचा सगळा हिशेब त्या नसलेल्या विटांवर उभा होता. पुन्हा रन केला, बचत बरीच घटली, आणि तो आकडा घेऊन मालकांसमोर बसलो.

२. दोन झोनमधली, म्हणजे मॉडेलमध्ये तापमान वेगळं मोजल्या जाणाऱ्या दोन भागांमधली, भिंत दोनदा लिहिली जाते, एकेका झोनच्या बाजूनं, आणि थर नेहमी बाहेरून आत. प्लास्टर-वीट-प्लास्टर असेल तर काही बिघडत नाही. एकाच बाजूला टाइल किंवा इन्सुलेशन असेल, तर जोडीदार पृष्ठभागाचा क्रम उलटा हवा.

३. एकाच झोनच्या आत उभ्या असलेल्या भिंती ‘इंटर्नल मास’ म्हणून एकत्र द्या. क्षेत्रफळ दोन्ही बाजूंचं धरा: १० मीटर लांब, ३ मीटर उंच भिंतीचं ३० नव्हे, ६० चौरस मीटर. जाडी मात्र पूर्ण. नवी मुलं विचारतात, वस्तुमान दुप्पट नाही का होणार? नाही होत. सॉफ्टवेअर भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांचं तापमान सारखं धरतं, पण झोनशी देवघेव एकाच पृष्ठभागाची मोजतं. प्रत्येक बाजूच्या वाट्याला अर्धीच जाडी येते.

४. ‘अ‍ॅडियाबॅटिक’ हा पर्याय, म्हणजे भिंतीतून उष्णता आरपार जातच नाही असं धरणं, जपून वापरा. पलीकडे तशीच एसीची खोली असेल तर ठीक. पलीकडे जिना असेल तर नाही. अर्ध्या विटेच्या ३० चौरस मीटर भिंतीतून, जिना सहा अंशांनी गरम असताना, साधारण ४०० वॅट आत येतात. मला हे दिवसभर बारीक आचेवर ठेवलेल्या शेगडीसारखं वाटतं.

५. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेचा रोध थरांमध्ये घालू नका. सॉफ्टवेअर तो स्वतः धरतं.

६. भिंती हलक्या निघाल्या तर वर बघा. त्या ऑफिसात स्लॅब १५० मिलिमीटरचा होता, पण फॉल्स सीलिंगच्या आड. दोन मजल्यांवर सीलिंग न घालता स्लॅब उघडा ठेवायला मालक तयार झाले. एप्रिलमध्ये सकाळी आठला, एसी सुरू व्हायच्या आधी, शिडीवर चढून मी स्लॅबला तळहात लावला. गार होता.