थंड किनाऱ्यावरील पक्षिगणना
(वरच्या वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

पक्षी थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे जातात, असे आपण वर्गात सांगतो. हे उत्तर अपुरे आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘द वॉश’ या उथळ आखाताचे उदाहरण घ्यावे. तेथील हिवाळा बोचरा असतो, तरीही दर हिवाळ्यात तीन लाखांहून अधिक पाणपक्षी तेथे राहतात. चार नद्यांनी आणलेला गाळ या आखातात साचतो आणि ओहोटीला चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. पक्षी येतात ते त्या चिखलातील शिंपल्यांसाठी व किड्यांसाठी.

त्यांतील नॉट हा पक्षी पारव्यापेक्षा लहान, हिवाळ्यात राखी रंगाचा. ग्रीनलंड व कॅनडाचा उत्तर भाग ही त्याची वीण घालण्याची भूमी. ओल्या वाळूत चोच खुपसताच आत दडलेल्या कठीण वस्तूचा दाब त्याच्या चोचीच्या टोकास जाणवतो. म्हणून न दिसणारा शिंपलाही त्यास सापडतो. तो शिंपला तो सगळाच गिळतो आणि पोटातील बळकट पेषणीत त्याचा चुरा करतो. मुलांना हा भाग फार आवडेल; येथे घाई करू नये.

उधाणाच्या भरतीस सारा चिखल बुडाला म्हणजे हे थवे किनाऱ्याशी दाटीवाटीने बसतात. स्नेटिशम येथे पूर्वी वाळू-गोटे काढल्यामुळे झालेली तळी आहेत. त्यांच्या काठी हजारो नॉट खांद्याला खांदा लावून उभे असतात. ओहोटीला दूरवर पांगलेले पक्षी मोजणे अशक्यप्राय. म्हणून गणना भरतीच्या वेळी करतात. ब्रिटनमध्ये बदकवर्गीय पक्ष्यांची गणना 1947 साली व खाड्यांतील पक्ष्यांची 1969 साली सुरू झाली. 1993 पासून दोन्ही एकत्र चालतात. गणक बहुतांशी हौशी नागरिक असतात. महिन्यातील ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने आपापला ठरलेला पट्टा मोजावयाचा. एकाच दिवशी मोजल्याने या खाडीतून त्या खाडीत गेलेला थवा दोनदा मोजला जाण्याचा संभव कमी होतो.

या आकड्यांचे मोल कठीण काळात कळते. चिखल गोठला की चोच आत शिरत नाही, किडेही खोल जातात. 1991 च्या फेब्रुवारीतील कडाक्यात वॉशच्या काठी रेडशँक नावाचे लाल पायांचे पक्षी मोठ्या संख्येने मेले. पण सर्वच मृत्यू थंडीमुळे होत नाहीत. त्याच दशकात तेथील शिंपल्यांचे साठे खालावले आणि शिंपल्यांवर जगणारे ऑयस्टरकॅचर उपासमारीने मेले. वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या, तर ही घट शिंपल्यांच्या मासेमारीशी ताडून पाहता आली नसती. कोळी व पक्षी दोघांचीही भाकरी त्याच चिखलात असल्याने तेथे अंदाजाने बोलणे परवडत नाही.

आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून जानेवारीत होते. कोकणातील शाळांना ती अगदी जवळची आहे, कारण चिखल्या व टिलवे थंडीत आपल्या खाड्यांतही उतरतात.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. प्रथम दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा नजरेत बसवावी, मग तशा दहा जागांचा शंभरांचा गट धरून थव्यावर पुढे सरकावे. याचा सराव वर्गात चिंचोक्यांनी करावा. मूठभर चिंचोके जमिनीवर पसरून मुलांस झटकन अंदाज लिहावयास सांगावे व नंतर खरे मोजून घ्यावे. पहिल्या दिवशी बहुतेक अंदाज चुकतील. कोणाचाही आकडा खोडू नये, दोन्ही आकडे शेजारी शेजारी राहू द्यावेत.

खाडीवर जाताना भरतीची वेळ गावातील कोळी बांधवांस विचारून घ्यावी. मुलांना चिखलात उतरू देऊ नये. वहीत तारीख, वेळ, जागा, वारा व संख्या लिहावी. एकही पक्षी न दिसल्यास रकाना रिकामा न सोडता त्यात शून्य लिहावे.