साक्षीदार : नाटकांतला आणि न्यायालयांतला

खटला हा विषय कथाकारांच्या व नाटककारांच्या फार आवडीचा आहे. एका मनुष्याचा प्राण किंवा अब्रू पणास लागलेली, समोर न्यायासन, दोहों बाजूंस बोलके वकील. प्रेक्षकांस आणखी काय पाहिजे? परंतु खेड्यापाड्यांतील पुष्कळांस न्यायालयाची पहिली ओळख चित्रपटावरूनच होते, आणि पुढें एखादे दिवशीं साक्षीचें समन्स हातीं आलें म्हणजे ही ओळख त्यांस दगा देते. पिंजऱ्यांत उभें राहून काय करावयाचें असतें, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. म्हणून या पाठांत एक खरा खटला व एक नाटक आपण शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं.

२७ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईंत नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनीं प्रेम आहुजा नांवाच्या गृहस्थास गोळ्या घालून ठार केलें. आपल्या पत्नीचे त्या गृहस्थाशीं संबंध आहेत, हें त्यांस त्याच दिवशीं तिच्या तोंडून कळलें होतें. त्यांनीं पत्नीस व मुलांस चित्रपटगृहीं सोडलें, जहाजावर जाऊन खोटें कारण सांगून रिव्हॉल्वर व सहा काडतुसें घेतलीं, आणि आहुजांचें घर गांठलें. झटापटींत गोळ्या चुकून सुटल्या, असा बचाव होता.

सारें शहर ही हकीकत खटला म्हणून नव्हे, तर गोष्ट म्हणून वाचीत होतें. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें तर उघडउघड नानावटींचा पक्ष घेतला. शूर शिपाई, फसविला गेलेला पति, लंपट श्रीमंत, अशीं पात्रें तयारच होतीं. ज्यूरीच्या नऊ जणांपैकीं आठांनीं आरोपीस निर्दोषी ठरविलें. सेशन्स जज्ज मेहता यांनीं मात्र तो कौल मानला नाहीं. पुराव्याशीं त्याचा मेळ बसत नाहीं असें म्हणून, त्या वेळच्या कायद्यांत जी सोय होती तिच्या आधारें त्यांनीं खटला हायकोर्टाकडे पाठविला. हायकोर्टानें १९६० सालीं जन्मठेपेची शिक्षा दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. पुढें १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिल्यावर नानावटी सुटले.

वरच्या कोर्टांनीं शौर्य तोललें नाहीं, लंपटपणाही तोलला नाहीं. त्यांनीं पाहिल्या त्या अगदीं लहान गोष्टी. आरोपीनें दुपारीं दीड वाजतां घर सोडलें व चार वाजून वीस मिनिटांनीं मृत्यू घडला. तेव्हां मध्यें राग आवरण्यास सुमारें तीन तास मिळाले होते. आहुजा नुकतेच स्नान करून टॉवेल गुंडाळून होते. झटापट झाली असती तर तो टॉवेल सुटला असता, पण तो कमरेला तसाच होता. एवढ्याशा कापडानें बचावाची सारी हकीकत डळमळली. (याच खटल्यामुळें आपल्या देशांतून ज्यूरी गेली असें लोक म्हणतात, तें पुरतें खरें नाहीं. लॉ कमिशननें १९५८ सालींच ती बंद करावी असें सुचविलें होतें.)

या हकीकतीच्या आधारें पुढें चित्रपट निघाले. २०१६ सालच्या ‘रुस्तम’ मध्यें ज्यूरी नायकास निर्दोष सोडते, आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातात. खऱ्या खटल्यांत ज्यूरीचा कौल ही अर्धीच वाट होती.

नाटकाचें उदाहरण म्हणून आम्ही विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें घेतों. तें १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. एक हौशी नाटकमंडळी एका गांवीं लुटुपुटीच्या खटल्याचा खेळ करण्यास जाते. खेळाला अवकाश असतो, म्हणून ही मंडळी आपल्यांतीलच एका शिक्षिकेवर, बेणारेबाईंवर, भ्रूणहत्येचा आरोप ठेवून गंमत आरंभितात. पाहतां पाहतां गंमत सरते व सूड उरतो. एकेक जण पिंजऱ्यांत येऊन कोठें तरी ऐकलेलें, कोणाकडून तरी कळलेलें ओकतो, आणि बाईंच्या खासगी आयुष्याचीं लक्तरें होतात. तेथें न्यायालयाची सारी भाषा आहे, न्याय तेवढा नाहीं. आमच्या गांवांतल्या पारांवर असे खटले दररोज चालतात, आणि तेथल्या निकालावर अपील नसतें.

खऱ्या न्यायालयांत ही कुजबुज दारांतच अडविली जाते. पुराव्याचा जुना कायदा १८७२ सालचा होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा लागूं आहे. परंतु मूळ नियम तोच राहिला : जें पाहण्याजोगें, तें ज्यानें स्वतः पाहिलें त्यानेंच सांगावें, जें ऐकण्याजोगें, तें ज्यानें स्वतः ऐकलें त्यानेंच. ‘गांवांत सारे म्हणतात’ हें तेथें उत्तर होत नाहीं.

दुसरा एक नियम आमच्या वाचकांस नवल वाटेल असा आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दोघां-तिघां साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावयाची. आपल्या कायद्यांत साक्षीदारांची अमुक एक संख्या ठरलेली नाहीं. विश्वास ठेवण्याजोगा असा एकही पुरतो. संख्येचा भरंवसा किती धरावा, हें नाबोथाच्या खटल्यावरून (१ राजे २१) कळतें. ईजबेलीचीं पत्रें आलीं, वडील जन जमले, उपास पुकारला गेला, आणि साक्षीदारही बरोबर दोन उभे राहिले. नियमांत कांहीं उणें नव्हतें. पण दोघेही शिकवून आणलेले होते. नाबोथास धोंडमार झाली, व द्राक्षमळा राजाला मिळाला.

आतां समन्स आलेल्या मनुष्याविषयीं. धर्मग्रंथावर हात ठेवणें, न्यायाधीशानें हातोडा आपटणें, हें चित्रपटांतलें. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणें देवाच्या नांवानें शपथ घ्यावी किंवा गांभीर्यानें प्रतिज्ञा करावी. त्यांस ग्रंथ लागत नाहीं. मग ज्या पक्षानें बोलाविलें त्याचा वकील सरतपासणी घेतो. उत्तर तोंडांत घालणारा प्रश्न त्यास सामान्यतः विचारतां येत नाहीं. उलटतपासणींत विरुद्ध पक्षाच्या वकिलास मात्र येतो. तेथें संतापूं नये. तो अपमान नव्हे, आरोपीचा हक्क आहे. फौजदारी खटल्यांत खोट्या साक्षीदारापेक्षां भल्या साक्षीदारानेंच अधिक नुकसान केलेलें आम्हीं पाहिलें आहे. अंधारांत त्यास पळणारी आकृति दिसली. चेहरा दिसला नाहीं. पण साक्ष पुरी व्हावी म्हणून तो शेजाऱ्याकडून ऐकलेलें नांव तींत बसवितो. उलटतपासणींत तो जोडलेला धागा निघतो, आणि त्याबरोबर खरें वस्त्रही उसवतें. ‘मला ठाऊक नाहीं’, ‘मला आठवत नाहीं’ हीं सुद्धां पुरीं उत्तरें आहेत. पोलिसांनीं तपासांत लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदारानें सही करावयाची नसते, हेंही लक्षांत असावें.

तारखा पडतील. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’ चित्रपटांत हें कंटाळवाणेपण जसेंच्या तसें दाखविलें आहे, म्हणून इतर चित्रपटांहून तो आम्हांस खरा वाटतो. पण खेड्यांतल्या साक्षीदारास कंटाळ्याहून भयच अधिक. आरोपी सावकार असतो, जमीनदार असतो, कधीं सख्खा भाऊबंद असतो. विहिरीवर बोलणें बंद होतें, मजुरी तुटते, रात्रीं दारावर दगड येतो. आणि साक्षीदार फितूर होतो. त्यास भित्रा म्हणणें सोपें आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सुप्रीम कोर्टानें साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य करून ती सर्व राज्यांस लागूं केली. तींत जिल्हा व सेशन्स न्यायाधीश ज्या समितीचे अध्यक्ष, तिच्याकडे अर्ज करतां येतो. समिति पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागविते, व अर्जाची बाब गुप्त ठेवण्यांत येते. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज गांवच्या शिक्षकानें किंवा उपदेशकानें लिहून द्यावा, व धमकी कोणत्या दिवशीं, कोणीं, कोणत्या शब्दांत दिली एवढेंच त्यांत मांडावें. साक्षीस जाण्यायेण्याचा वाजवी खर्च देवविण्याचा अधिकारही फौजदारी न्यायालयास आहे. तो तेथें मागावा.