रूल फायर होत नाही म्हणणाऱ्या भाच्यास

पुणे

चि. बाळास,



तुझं पत्र आणि सोबतच्या फाइली मिळाल्या. द्राक्षबागेच्या सल्ल्याच्या प्रणालीत केवडा रोगाचा इशारा देणारा रूल पाऊस पडल्यावर लगेच फायर होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र होतो, आणि त्यावर उपाय म्हणून तू त्या रूलचं सॅलियन्स आधी 100, मग 500, मग 1000 केलंस. ते सगळे आकडे आधी काढून टाक आणि मग पुढचं वाच.

सॅलियन्स फक्त एवढंच ठरवतं, की अजेंडावर येऊन थांबलेल्या रूलांपैकी आधी कोणाचा नंबर लागायचा. जो रूल अजेंडावर पोचलाच नाही त्याला कितीही मोठा आकडा दिलास तरी तो हलणार नाही. उलट बाकीच्या रूलांचा क्रम बिघडेल, आणि दोन महिन्यांनी तुझ्या जागी येणाऱ्या मुलाला कळणार नाही की इथे 1000 का आहे. असे आकडे मी अनेक प्रकल्पांत पाहिले आहेत. ते एकदा शिरले की काढायची हिंमत कोणी करत नाही.

तू ज्यावर काम करतो आहेस ते जेस हे रूल इंजिन काही कालचं पोर नाही. अर्नेस्ट फ्रीडमन-हिल यांनी 1995 साली कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेत ते लिहायला घेतलं, नासाच्या क्लिप्सच्या वळणावर. क्लिप्स त्याच्याही दहा वर्षं आधीचं. आणि या दोघांच्या पोटात रूल आणि फॅक्ट जुळवण्याची जी रेटे पद्धत चालते ती चार्ल्स फॉर्जी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात 1979 च्या प्रबंधात मांडली आणि 1982 साली शोधनिबंधातून सगळ्यांपुढे ठेवली. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ती घासूनपुसून पाहिली आहे, की तुझा रूल चालत नाही तेव्हा इंजिनावर संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा. संशयाची पहिली जागा म्हणजे तुझा जावा कोड आणि इंजिन यांच्यामधली हद्द.

जावाच्या माणसाला सवय असते ब्रेकपॉइंट लावून ओळीओळीने पुढे जायची. इथे ती सवय कामाला येत नाही, कारण रूलला कोणी हाक मारत नाही. फॅक्ट वर्किंग मेमरीत यावा लागतो, तो पॅटर्नशी जुळावा लागतो, सगळे पॅटर्न एकत्र जुळले की अजेंडावर अ‍ॅक्टिव्हेशन उभं राहतं, आणि रन केल्यावर ते फायर होतं. या वाटेवर गाडी नेमकी कुठे अडली ते शोधायचं, बस. ‘(फॅक्ट्स)’ म्हटलंस की मेमरीत काय आहे ते दिसतं. ‘(मॅचेस)’च्या पुढे रूलचं नाव दिलंस की कोणता पॅटर्न कशाशी जुळला आणि कुठे तुटलं ते दिसतं. ‘(अजेंडा)’ काय वाट पाहतंय ते सांगतो. ‘(वॉच ऑल)’ लावलंस तर फॅक्ट आला, गेला, अ‍ॅक्टिव्हेशन झालं, मोडलं, सगळं एकामागून एक छापलं जातं. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी तुझ्या कोडात नाही: रन ही मेथड किती रूल फायर झाले तो आकडा परत देते. तू तो टाकून देतोस. तो लॉगमध्ये लिही. शून्य आला तर अजेंडा रिकामा होता, म्हणजे वरची अर्धी शोधाशोध तिथेच संपली.

आता तुझी अडचण. तू पाठवलेल्या लॉगमध्ये जावाच्या बाजूला पाऊस 14.5 मिलिमीटर दिसतो आणि त्याच मिनिटाच्या ‘(फॅक्ट्स)’च्या यादीत 0.0. उत्तर तुझ्याच फाइलीत होतं, फक्त दोन्ही आकडे तू एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीस.

तू जावाबीन इंजिनाला देतोस तेव्हा जेस त्या ऑब्जेक्टकडे सतत डोळे लावून बसत नाही. ते त्याची एक सावली, शॅडो फॅक्ट, मेमरीत तयार करतं, आणि रूल जुळवले जातात ते त्या सावलीशी. तुझ्या बीनमध्ये प्रॉपर्टी चेंज लिसनरची सोय नाही, त्यामुळे सावली स्टॅटिक झाली, म्हणजे दिला त्या क्षणी जे होतं तेच. नंतर तू सेटरने पाऊस 14.5 केलास तो फक्त जावाच्या बाजूला. जमीन विकली, पैसे दिले, ताबाही दिला, पण फेरफार नोंदवलाच नाही, तर सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं आणि बँक कर्ज देताना तोच सातबारा बघते. तुझं इंजिन बँकेसारखं कागद बघतंय. मग दुसऱ्या दिवशी सकाळी इशारा का येतो? कारण रात्रीच्या जॉबमध्ये तू ‘(रीसेट)’ करतोस. रीसेट झाल्यावर साधे फॅक्ट पुसले जातात, पण नोंदवलेल्या बीनच्या सावल्या ताज्या किमती घेऊन पुन्हा उभ्या राहतात. मागच्या 24 तासांचा पाऊस तोवर बीनमध्ये असतोच, म्हणून रूल जागा होतो. बागाईतदाराची मात्र फवारणीची रात्र हातची जाते. फुलोऱ्यातल्या घडावर केवडा चढला की तो घड परत मिळत नाही, म्हणून हा उशीर मला क्षुल्लक वाटत नाही.

उपाय दोन आहेत. बीनमध्ये प्रॉपर्टी चेंज सपोर्ट घाल, किंवा बदल झाल्यावर इंजिनाला अपडेट-ऑब्जेक्ट सांग. पहिला मार्ग घेतलास तर दोन जागी जपून राहा. इव्हेंटमध्ये दिलेलं प्रॉपर्टीचं नाव स्लॉटच्या नावाशी अक्षरश: जुळलं पाहिजे, एका अक्षराचा फरक असेल तर कसलीही एरर न येता बदल हरवतो. आणि सेटरमध्ये जुनी किंमत आधी बाजूला काढून ठेव, मग फील्ड बदल. पुष्कळ जण आधी फील्ड बदलतात आणि मग तेच फील्ड ‘जुनी किंमत’ म्हणून पाठवतात. जुनी आणि नवी सारखी दिसली की प्रॉपर्टी चेंज सपोर्ट इव्हेंट पाठवतच नाही. हे तासन्‌तास शोधूनही सापडत नाही, कारण कोड वाचताना तो बरोबरच वाटतो. सेन्सरची माहिती वेगळ्या थ्रेडवरून येत असेल तर हेही बघ, की रन चालू असताना तू अर्धवट बदललेला ऑब्जेक्ट तर इंजिनासमोर ठेवत नाहीस.

तुमच्याकडे पुढे ड्रूल्स या दुसऱ्या रूल इंजिनावर जायचा विचार चालला आहे असं लिहिलंस. खुशाल जा, पण हा रोग सोबत येईल. तिथेही इन्सर्ट केल्यावर हँडल मिळतं, आणि नंतर सेटर हाकून उपयोग नाही. त्या हँडलवर अपडेट करावं लागतं, किंवा रूलच्या आत मॉडिफाय वापरावं लागतं.

दुसरा रूल, वाणानुसार औषध सुचवणारा, कधीच फायर होत नाही म्हणालास. तो मी वाचला. पॅटर्नमध्ये ‘(व्हरायटी थॉमसन)’ असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं आहेस, म्हणजे तो सिम्बॉल. जावाकडून येते ती स्ट्रिंग. दिसायला सारखे, जुळायला वेगळे. अवतरणचिन्हं घाल आणि सीएसव्हीतून येणाऱ्या नावामागची मोकळी जागा ट्रिम कर. आकड्यांचंही तसंच: ‘ईक्यू’च्या लेखी 10 आणि 10.0 एक नाहीत. पावसासारख्या मोजमापाला बरोबरीची अट लावायचीच नाही, पेक्षा जास्त, पेक्षा कमी असंच लिहायचं.

तिसरी तक्रार प्रोग्रॅम लटकण्याची. धोक्याची पातळी वाढवणारा रूल त्याच फॅक्टला मॉडिफाय करतो, मॉडिफाय झालेला फॅक्ट पुन्हा त्याच रूलशी जुळतो, आणि चक्र थांबत नाही. रनला मर्यादा देता येते. 20 देऊन चालव, वॉच लावून बघ, कोणतं नाव पुन्हा पुन्हा येतं ते लगेच दिसेल. नो-लूप जाहीर करून हे थांबतं, पण मी तुला ‘पातळी अजून वाढवलेली नाही’ ही अट पॅटर्नमध्येच लिहायला सांगेन. मग वाचणाऱ्यालाही कळतं की हा एकदाच व्हायला हवा.

एक्सेप्शनची फक्त पहिली ओळ पाठवलीस. जेसएक्सेप्शनच्या आत खरं कारण गुंडाळलेलं असतं. गेट-कॉज छाप, सोबत संदेश आणि ओळ क्रमांक छाप. बहुतेक वेळा आत तुझ्याच मेथडमधला नल पॉइंटर निघतो.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस पण ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते. तुझ्या फाइलीत एक रूल आहे: गेल्या दिवसभरात पावसाची नोंद नसेल तर फवारणी नको. नॉट पॅटर्नने लिहिला आहेस. इंजिनाला ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पावसाची माहिती आली नाही’ यांतला फरक कळत नाही. त्याच्या मेमरीत फॅक्ट नाही, एवढंच त्याला माहीत. शेतावरच्या यंत्राची बॅटरी उतरली, मोबाइलचं नेटवर्क गेलं, तर तुझी प्रणाली पूर्ण आत्मविश्वासाने शेतकऱ्याला सांगेल की फवारू नका. हा बग वॉच लावून दिसणार नाही, कारण रूल अगदी व्यवस्थित फायर होतो. यासाठी यंत्राच्या शेवटच्या नोंदीच्या वेळेचा वेगळा फॅक्ट ठेव, आणि माहिती जुनी असेल तर ‘माहिती अपुरी आहे, बाग स्वत: पाहा’ असं सांगणारा रूल लिही. ‘नको’ म्हणणाऱ्या प्रत्येक रूलमध्ये ताज्या माहितीचा पॅटर्न सक्तीचा कर. हे काम बाकी सगळ्याच्या आधी.

आणखी एक. केवड्याच्या रूलमध्ये तू तापमान 10 अंश, पाऊस 10 मिलिमीटर, वेलीची फूट 10 सेंटिमीटर असं घेतलं आहेस. हा इटलीत विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेला प्रसिद्ध ‘तीन दहा’चा ठोकताळा, तिथल्या हिवाळ्यानंतरच्या पहिल्या लागणीसाठी. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. वेलीला तसला हिवाळाच नाही, आणि नाशिकला ऑक्टोबरात पारा सहसा 10 अंशांखाली उतरत नाही. म्हणजे तुझी पहिली अट त्या दिवसांत नेहमीच खरी, ती काहीच गाळत नाही. असा रूल कितीही नीट फायर झाला तरी त्यातलं ज्ञान आपल्या मातीतलं नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांसमोर तुझे रूल छापून ठेव आणि एकेक ओळ वाचून घे. रूल जावाच्या इफमध्ये न लिहिता वेगळे लिहायचं कारणच हे, की ज्याचं ज्ञान आहे त्याला ते वाचता यावेत. अडलं की एखादी अट गुपचूप जावामध्ये हलवायची सवय तुमच्या टीममध्ये दिसते. तसं केलं की ती अट शास्त्रज्ञांच्या नजरेआड जाते.

शेतकरी विचारेल, फवारणी का सांगता? 1970 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली मायसिन ही वैद्यकीय सल्ल्याची प्रणाली डॉक्टरांना हा ‘का’ समजावून सांगू शकत असे, कोणत्या रूलवरून कोणता निष्कर्ष काढला ते दाखवत असे. तूही प्रत्येक इशाऱ्यासोबत रूलचं नाव आणि त्याला जुळलेले फॅक्ट नोंदवून ठेव. तक्रार आली की तीच नोंद तुझी पहिली मदत.

टेस्टबद्दल फार लिहीत नाही, तुला येतात. फक्त प्रत्येक रूलसाठी फायर व्हायला हवं अशी एक आणि फायर होऊ नये अशी एक, दोन्ही लिही. दर टेस्टला नवं रेटे, म्हणजे नवं इंजिन, घे.

या रविवारपर्यंत बीनचे सेटर दुरुस्त कर, नॉटचा रूल बदल, आणि अजूनही काही अडलं तर नुसतं ‘रूल चालत नाही’ असं लिहू नकोस. ‘(सेव्ह-फॅक्ट्स)’ने काढलेली फाइल, मॅचेसचं आउटपुट आणि रनने दिलेला आकडा, एवढं पाठव.

तुझी,
मावशी