काचेतला समुद्र चांगला, हे ठरवायचं कसं?

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे. तरी आमच्या हिंगणघाटच्या घरी, टीव्हीच्या शेजारी, 60 लिटर समुद्र आहे. काचेच्या टाकीत खारं पाणी, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश, म्हणजे 'निमो'. हॉस्टेलवर हे कळलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "फोटो दाखव ना बे!" फोटो पाहिला की लगेच निकाल, "एक नंबर" नाहीतर "ठीक आहे". माझा आक्षेप आहे तो या फोटोवरून लागणाऱ्या निकालाला.

मीही आधी असाच निकाल लावायचो. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडे खरी रीफ टँक आहे, म्हणजे जिवंत प्रवाळांची. व्हिडिओ कॉलवर पाहिली तर हिरवी, जांभळी, केशरी, नुसती दिवाळी! मी म्हटलं, "दादा, भारीच." तो हसला आणि त्याने निळे दिवे बंद करून पांढरे लावले. अर्धी दिवाळी विझली. निळ्या प्रकाशात बरेच प्रवाळ स्वतःच चमकतात (फिजिक्सवाल्यांना फ्लुरोसन्स सांगायला नको), त्यामुळे आजारी प्रवाळसुद्धा फोटोत छान दिसू शकतो. जाणकार म्हणूनच आधी पांढऱ्या उजेडात बघतात. प्रवाळाची कड पांढरी आहे का? असेल तर ती नवीन वाढ आहे, आनंदाची गोष्ट. पण बुडाकडून किंवा मधूनच पांढरं पडत असेल, तर तिथली कातडी मरते आहे आणि खालचा सांगाडा उघडा पडतोय. रंग तोच, अर्थ उलटा!

एके काळी 'चांगली टाकी' म्हणजे पांढरी स्वच्छ टाकी असायची. मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे ब्लीचने धुऊन शोभेला ठेवायचे आणि हिरवं काही दिसलं की घासून काढायचं. मग 1961 साली जकार्त्याचे ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड, बस. खडकातले जीवजंतूच पाणी शुद्ध करतात. तेव्हापासून हळूहळू कसोटी फिरली. टाकी किती स्वच्छ याच्याऐवजी किती जिवंत, असं लोक विचारू लागले. नवी टाकी पहिले काही महिने तपकिरी, मग हिरवी, शेवाळलेली, एकदम घाण दिसते. अनुभवी माणूस तिला नावं ठेवत नाही. वर्षभर चालू दे, मग बोलू, म्हणतो.

आता आकडे. आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला आकडा दिसला की बरं वाटतं. क्षार लिटरला साधारण 35 ग्रॅम, तापमान 25-26 अंश, पी.एच. 8.1 ते 8.3, कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास. पण भाऊ सांगतो, आकडा बरोबर असण्यापेक्षा तो हलत नसणं महत्त्वाचं. आज 7, उद्या 10, परवा 8 अशी अल्कलिनिटी नाचवणाऱ्या टाकीपेक्षा महिनाभर साडेसातवर टिकलेली टाकी चांगली. कंट्रोल सिस्टीमच्या पेपरात हेच लिहून आपण मार्क मिळवतो, घरी मात्र विसरतो.

यात एक गंमत आहे. प्रवाळ वाढतो तेव्हा पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खाऊन सांगाडा बांधतो. म्हणजे प्रवाळांच्या टाकीत हे आकडे रोज थोडे पडायलाच हवेत, आणि रोज पडतात तेवढे भरून काढायला हवेत. भर न घालताही आकडा जागचा हलत नसेल तर आत कोणी काही बांधत नाहीये. ही भर घालायची एक जुनी रीत म्हणजे चुन्याची निवळी! पानात घालतो तोच चुना, पण शुद्ध. तो पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबथेंब सोडायचं. एकदम ओतलं तर पी.एच. उसळतो आणि सगळं खलास.

आता माझी फजिती. खरं तर फजिती म्हणायला नको, त्यात एक जीव गेला.

मे महिना, हिंगणघाटचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. टाकी गार ठेवायला मी पाण्यावर छोटा पंखा लावला होता. आपल्या कूलरचंच तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत तो फारसा चालत नाही, आपल्या कोरड्या हवेत मस्त चालतो. पण पाणी रोज दोन लिटर उडायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भरायचं ते साधं आर.ओ. पाणी. घरात दोन कॅन होते. एकात पाणी बदलायला कालवून ठेवलेलं खारं पाणी, त्यावर मी स्केचपेनने लिहिलं होतं 'टाकीचं पाणी'. दुसऱ्यात साधं पाणी, त्यावर काहीच नाही. परीक्षा होती, मी सेवाग्रामला आलो आणि बाबांना फोनवर सांगितलं, "रोज दोन लिटर टाका."

सहा दिवसांनी घरी गेलो तर आई म्हणाली, "तो लहाना मासा कालपासून समोर येऊन नाही राहिला." तेव्हा दोन मासे होते. मी किट काढलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पी.एच. ठीक. आईला म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे, तू टेन्शन घेऊ नको." क्षार मोजले नाहीत. मीठ काय उडून जातं का!

सकाळी लहाना मासा तळाशी आडवा होता.

मग क्षार मोजले. 42! हिशोब सोपा आहे. 60 लिटरमध्ये 2100 ग्रॅम मीठ होतं. बाबांनी सहा दिवस दोन-दोन लिटर टाकलं, 'टाकीचं पाणी' लिहिलेल्या कॅनमधलं, म्हणजे आणखी 420 ग्रॅम. 2520 भागिले 60. बाबा एवढंच बोलले, "डब्ब्यावर तूच तं लिहिलं होतं." काय उत्तर देणार? पुढचे तीन दिवस थोडं खारं पाणी काढून साधं टाकत 35 वर आणलं. दुसरा मासा वाचला.

मी चार आकडे पाहिले आणि आईने मासा पाहिला. भाऊसुद्धा कोणाची टाकी बघायला गेला की आधी तेच बघतो. मासा समोर येतो का, खातो का, श्वास जोरात चालतो का. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो, म्हणून "टाकी कशी आहे?"च्या आधी "सगळ्यात जुना मासा किती वर्षांचा?" हे विचारतात. मग टाकीखालचं कपाट उघडतात. वायरला सॉकेटच्या खाली झोल दिलाय का, म्हणजे ओघळ आला तरी पाणी प्लगमध्ये शिरणार नाही? लाईट गेली तर बॅटरीचा हवेचा पंप आहे का? आपल्याकडे तर हा प्रश्न पहिला हवा. आणि कॅनवर नीट लिहिलंय का, ही भर माझी.

राहता राहिलं, माझ्या टाकीत प्रवाळ का नाहीत. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडाही तसाच संरक्षित. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, पण ते तिथेच राहायचे. कोणी हळूच "जिवंत कोरल मिळेल" म्हणाला तर त्या टाकीचा निकाल तिथेच लागला, रंग कितीही असोत. क्लाऊनफिशचं तसं नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास टाकीतच करण्याचं तंत्र विकसित केलंय. त्यामुळे मासा कुठून आला, पैदाशीचा की समुद्रातून पकडलेला, हे विचारण्यात काही गैर नाही. मी पहिल्यांदा विचारलंच नव्हतं.

सध्या दोन्ही कॅनवर तेलरंगाने लिहिलंय, 'खारं, हात लावू नये' आणि 'साधं, रोज'. क्षारांची नोंद मी शनिवार-रविवारी वहीत करतो. आईची नोंद कालनिर्णयवर असते. दुधाच्या हिशोबाखाली, बारीक अक्षरात, "समोर आला, जेवला." परवा फोन केला तेव्हा आधी तीच विचारली.